मुलाचं वजन वाढतंय: वजनकाट्यापासून किराणा यादीपर्यंत

मूल लठ्ठ आहे की नाही, हे नुसतं बघून आईवडिलांना सहसा कळत नाही. यात त्यांचा दोष नाही. मूल रोज डोळ्यांसमोर असतं, वर्गात तशीच आणखी चार मुलं असतात आणि घरात ‘खात्यापित्या घरचा वाटतो’ म्हणणारी माणसं असतात. मग तेच प्रमाण वाटू लागतं. जूनमध्ये युनिफॉर्मच्या दुकानात आठ वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मापाची पँट घ्यावी लागते आणि ती खालून चार बोटं दुमडावी लागते, तेव्हा कुठे पहिली शंका येते. म्हणून आपण डोळ्यांवर न विसंबता मोजमापाने सुरुवात करू.

आधी उंची. मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं करा. टाचा, पार्श्वभाग, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली हवी, नजर समोर. मुलीचा अंबाडा, क्लिप काढून ठेवा. आता जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर आडवं ठेवून त्याची कड भिंतीला काटकोनात टेकवा, खाली पेन्सिलीची खूण करा आणि स्टीलच्या टेपने जमिनीपासून मोजा. शिवणकामाची कापडी टेप वापरू नका, ती जुनी झाली की ताणलेली असते. भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी बाहेर आलेली असेल तर दुसरी भिंत शोधा, कारण टाच पुढे सरकते आणि मूल वाकतं. या मापात दोन सेंटिमीटरची चूक झाली तरी पुढचं सगळं गणित फिरतं.

मग वजन. काटा कडक फरशीवर हवा, सतरंजीवर नको. सकाळी, हलक्या कपड्यांत, दर वेळी त्याच काट्यावर. महिन्यातून एकदा पुरे. रोज काट्यावर उभं करणं हा बऱ्याच घरांतला उत्साह आठवड्याभरात मुलाच्या मनात भीती घालतो आणि हाती काहीच लागत नाही, कारण पाणी पिण्याने किंवा शौचाला जाऊन येण्यानेही काटा अर्धा किलो इकडेतिकडे होतो.

या दोन आकड्यांवरून बीएमआय काढायचा. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, याचा अंदाज देणारा आकडा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनेच भागायचं. समजा, आठ वर्षांचा मुलगा 130 सेंटिमीटर उंच आहे आणि वजन 32 किलो. 32 भागिले 1.30 म्हणजे 24.6, त्याला पुन्हा 1.30 ने भागलं की 18.9.

इथे हमखास गडबड होते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये 18.9 टाकलं की ‘नॉर्मल’ असं हिरव्या अक्षरांत उत्तर येतं आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण ते उत्तर मोठ्या माणसांसाठी असतं. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे बदलतो, मुलगा आणि मुलगी यांचाही वेगळा असतो, म्हणून तो वाढीच्या आलेखावर म्हणजे ग्रोथ चार्टवर मांडूनच वाचावा लागतो. आठ वर्षांच्या मुलाला 18.9 हा आकडा जास्त वजनाच्या पट्ट्यात नेतो.

आपल्याकडच्या 5 ते 18 वयाच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये सुधारित आलेख प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. या आलेखावर ‘23’ आणि ‘27’ अशा दोन खास रेषा आहेत. मूल पहिल्या रेषेवर असेल आणि तसंच वाढत गेलं, तर अठराव्या वर्षी त्याचा बीएमआय 23 होईल, असा तिचा अर्थ. पहिल्या रेषेच्या वर जास्त वजन, दुसरीच्या वर लठ्ठपणा. पाश्चात्त्य देशांत मोठ्यांसाठी हेच उंबरठे 25 आणि 30 धरतात. आपल्याकडे ते खाली का आणले, हे पुढे येईलच. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आलेख वापरतात. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये किंवा अंगणवाडीच्या कार्डावर आलेख असतोच, तो भरून द्यायला सांगा. लस टोचायला गेलं की वजन होतं, उंची मात्र पुष्कळदा राहून जाते.

एका ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन मापांनंतर रेषा कुठे चालली आहे ते दिसतं. शाळेत जाणारं मूल वयात येण्याआधी वर्षाला साधारण दोन-तीन किलोंनी आणि पाच-सहा सेंटिमीटरने वाढतं. वर्षात पाच-सहा किलो वाढले असतील, तर आलेख हातात नसला तरी आपण जागं व्हावं.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण लठ्ठपणाची सुरुवात अनेकदा इथे होते. जन्मल्यावर पहिल्या वर्षात बाळ गुटगुटीत होतं, बीएमआय चढतो. मग चालू-पळू लागलं की तो उतरत जातो, पाच-सहा वर्षांपर्यंत खालीच येतो आणि त्यानंतर पुन्हा हळूहळू चढतो. म्हणजे तीन-चार वर्षांचं मूल काटकुळं दिसणं हा वाढीचाच भाग आहे. नेमकं तेव्हा घरात ‘बाळसं उतरलं’ म्हणून चिंता सुरू होते, टॉनिकच्या बाटल्या येतात, हातात मोबाइल देऊन ताट संपवून घेतलं जातं. जो चढ सहाव्या वर्षी लागायचा तो चौथ्यातच लागला, तर पुढे लठ्ठ होण्याची शक्यता वाढते. रेषा आपल्या जागेवर असेल तर काटकुळ्या मुलाला काटकुळं राहू द्या.

आता तो खाली आणलेला उंबरठा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोंची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण स्नायू आणि पोटातले अवयव जितके कमी, तितकी चरबी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून मात्र चरबी राखून असलेलं असं हे बाळ. याच ठेवणीमुळे युरोपीय माणसाला जे वजन पचतं, ते आपल्या शरीराला जड जातं. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 19 वयाच्या दर दहा मुलांमागे सुमारे एकात मधुमेहपूर्व अवस्था दिसली, म्हणजे रक्तातली साखर मधुमेहाइतकी नाही, पण असायला हवी त्याहून जास्त. ती सगळी मुलं काही जाडजूड नव्हती.

म्हणून वजनाबरोबर पोटही पाहावं. त्याला टेपही लागत नाही. मुलाच्या उंचीएवढा दोरा कापा, मधोमध दुमडा आणि तो दुमडलेला दोरा मुलाच्या कमरेभोवती, बेंबीच्या जरा वर, गुंडाळून पाहा. टोकं सहज जुळली तर ठीक. जुळली नाहीत, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी ही चाचणी चांगली चालते.

दोरा हातात आहे तोवर मान बघून घ्या. मानेच्या मागे, काखेत, कधी हाताच्या बोटांच्या सांध्यांवर त्वचा काळपट, जाड, मखमली झालेली असते. बहुतेक घरांत याला मळ समजतात. दर रविवारी डाळीचं पीठ, हळद, लिंबू, शेवटी घासणी, असं करत मूल रडेपर्यंत मान चोळली जाते. ती निघत नाही, कारण तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन पुरेसं असूनही त्याचा परिणाम कमी होऊ लागला की शरीर ते जास्त बनवतं, आणि त्या जादा इन्सुलिनने त्वचेच्या पेशी वाढतात. वैद्यकात याला ॲकँथोसिस म्हणतात. वजन आटोक्यात येऊ लागलं की ही काळी मान हळूहळू उजळते. तोवर घासणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना मनात थायरॉइडचा विचार असतो. ‘खाणं तर काहीच नाही हो, थायरॉइड असेल’ हे वाक्य प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने ऐकलेलं असतं. संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, बिघाडामुळे लठ्ठ झालेली मुलं फारच थोडी असतात, आणि त्यांची एक खूण आपणही ओळखू शकतो: त्यांची उंची खुंटते. जादा खाण्याने लठ्ठ झालेलं मूल बहुधा वर्गात उंचही असतं. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, किंवा दमा, त्वचारोग यांसाठी बराच काळ स्टिरॉइड चालू आहे, असं असेल तर ते आवर्जून सांगा.

आणखी काही तक्रारी मूल आपणहून सांगत नाही, त्या आपण विचाराव्यात. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखं होणं आणि दिवसा वर्गात पेंगणं. मुलीची पाळी सुरू होऊनही महिनोन्‌महिने न येणं. आणि वयात येणारा वजनदार मुलगा गुडघा दुखतो म्हणत लंगडू लागला, तर गुडघ्याला बाम चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. अशा मुलांत खुब्याच्या हाडाचं टोक जागेवरून सरकू शकतं आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं. डॉक्टर रक्तदाब पाहतील, साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या तपासण्या सांगतील. यकृतावर चरबी चढणं आता शाळकरी वयातही दिसतं आणि ते बाहेरून कळत नाही.

आता पुढे काय करायचं, हे ठरवण्याआधी उद्दिष्ट नीट ठरवू या. इथे मोठ्यांचा आणि मुलांचा रस्ता वेगळा होतो. वाढत्या मुलाचं वजन सहसा उतरवायचं नसतं, थोपवायचं असतं. आपला मघाचाच मुलगा घ्या. वर्षभरात तो सहा सेंटिमीटर वाढून 136 झाला आणि वजन एकच किलो वाढून 33 झालं, तर त्याचा बीएमआय 18.9 वरून 17.8 वर येतो. एक ग्रॅमही न उतरवता तो जास्त वजनाच्या रेषेपाशी येऊन पोचला. उंची आपल्या बाजूने काम करते आहे, फक्त तिला वेळ द्यायचा. लठ्ठपणा फार असेल किंवा उंची वाढणं संपत आलं असेल, तर वजन कमी करण्याचा विचार होतो, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सोळा वर्षांच्या मुलीला व्हॉट्सॲपवर आलेला 1200 कॅलरींचा तक्ता लावून देणं, पोळी बंद करणं, रात्रीचं जेवण तोडणं, ‘बारीक करणारी’ पावडर पाजणं यातलं काहीही करू नका.

पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा. फ्रिजवर एक कागद लावा आणि मूल जेवणाव्यतिरिक्त जे खातं-पितं ते, वेळ आणि कोणी दिलं यासह टिपत जा. ‘कोणी दिलं’ हा रकाना सर्वांत बोलका असतो. सकाळी दुधात चॉकलेटी पावडर: आई. शाळेच्या बसमध्ये वेफर्स: मित्र. चार वाजता चहा-बिस्किटं: आजी. क्लासबाहेर वडापाव: स्वतःच्या पैशांनी. सोसायटीतल्या वाढदिवसाचा केक आणि रिटर्न गिफ्टमधली चॉकलेटं. रात्री साडेनऊला बाबा येताना आणलेलं आइस्क्रीम. प्रत्येकाने एकदाच आणि प्रेमाने दिलेलं असतं, पण ते सगळं पोटात जातं एकाच्या. हा कागद पाहिल्यावर ‘हा खातच नाही काही’ हे म्हणणंही खरं ठरतं, कारण जेवणाच्या ताटावर तो खरंच काही खात नसतो.

बदलाला सुरुवात पेयांपासून करावी. ती सर्वांत सोपी आहे आणि फरक लवकर पडतो, कारण प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही. कोलासारख्या शीतपेयाच्या 250 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. खोक्यातला ‘फ्रूट ड्रिंक’ त्याच्या फारसा मागे नसतो. दुधातल्या पावडरीचा डबा मागून वाचा: शंभर ग्रॅममध्ये साखर तीस ग्रॅमच्या वर दिसली, तर डब्याचा जवळपास तिसरा हिस्सा आपण दुधाच्या नावाखाली साखर घालतो आहोत. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली विकू नका, असं कळवलं. पावडर एका दिवसात बंद केली तर दूधही बंद होईल. दोन चमच्यांचा दीड, मग एक, मग अर्धा, असं महिनाभरात उतरवा.

लेबल वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिल्या तीन नावांत साखर किंवा तेल असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही. आणि साखर टोपणनावांनीही येते: ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांत पहिलं नाव बहुधा मैद्याचंच निघतं.

यानंतर किराणा यादी. खरं काम इथे होतं. घरात फरसाणाचा डबा ठेवायचा आणि मुलाला हात लावू द्यायचा नाही, याला मी शिस्त म्हणणार नाही, तो छळ आहे. जे मुलाने खाऊ नये असं आपल्याला वाटतं ते घरात महिन्याभराचं भरायचं नाही. खायचं असेल तेव्हा, सगळ्यांनी मिळून, तेवढ्यापुरतं आणायचं. तेलाचा हिशोब अगदी सोपा आहे: माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर भाजी कोण कशी फोडणीला टाकतं ते पाहायला हवं. इथे बाबांचा उल्लेख मुद्दाम करतो. मुलाचं वजन म्हणजे आईचं खातं, अशी वाटणी बहुतेक घरांत झालेली असते आणि रविवारची मिसळ, जादा पाव, दीड लिटरची बाटली मात्र बाबांच्या पिशवीतून येते. ज्यांच्या शर्टाची बटणं स्वतःच ताणलेली आहेत त्यांनी मुलाच्या ताटावर भाष्य करू नये.

डब्याला फार कल्पकता लागत नाही. थालीपीठ, मुगाचं धिरडं, दडपे पोहे, उसळ-पोळी, अंड्याची पोळी हे सगळं आपल्याला येतंच. चूक होते ती छोट्या सुट्टीच्या डब्यात, तिथे घाईत बिस्किटांचा पुडा जातो. ग्लुकोजच्या बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेचारशे कॅलरी असतात, म्हणजे चार-पाच पोळ्यांएवढ्या. त्याजागी पेरूच्या फोडी, भाजलेले शेंगदाणे, चणे-कुरमुरे, काकडी. आणि पौष्टिक किंवा उपवासाचं म्हणून मोजमाप सुटू नये. एकादशीला मुलांचा उपवास नसतो, पण साबुदाण्याच्या खिचडीवर पहिला हक्क त्यांचाच असतो.

शाळेची मदत मागायला संकोचू नका. राज्य सरकारने 2017 मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करायला सांगितलं. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमानुसार जास्त साखर, मीठ, मेद असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालकसभेत हा नियम वाचून दाखवला तरी पुष्कळ होतं, निदान वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटायचं की पेन्सिल, यावर चर्चा सुरू होते.

ताटावर बसल्यावर कोणाचं काम काय, हे एकदा ठरवून टाका. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणी मला सर्वांत व्यवहारी वाटते: काय, केव्हा आणि कुठे खायचं हे आईवडिलांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय हवं ते मूल सांगतं, आणि किती हे आपण ठरवतो, ‘हा शेवटचा घास काऊचा’ करत. पोट भरल्याची जाणीव मुलाला जन्मतः असते. ताट चाटून-पुसून संपवण्याच्या सक्तीने आणि टीव्हीसमोर भरवण्याने ती बोथट होते. म्हणून ताटात कमी वाढा, लागलं तर पुन्हा घेऊ द्या. दुसऱ्या वाढपाआधी थोडं थांबा, गप्पा मारा. नको असलेली भाजी पहिल्या दोन वेळा नाकारली म्हणून बाद करू नका, दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं ती खाऊ लागतात. आणि ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ हा सौदा करू नका. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच मूल शिकतं.

आजी-आजोबांचा प्रश्न नाजूक असतो. त्यांच्या पिढीने मुलं हडकुळी पाहिली आहेत, काही आजारांत गमावलीही आहेत, त्यामुळे गुबगुबीत नातू म्हणजे त्यांच्या लेखी जिंकलेली लढाई असते. ‘तुम्ही त्याला देऊ नका’ म्हटलं की त्यांच्या हातातलं शेवटचं काम काढून घेतल्यासारखं होतं. त्याऐवजी काम द्या. ‘आई, चार वाजताचं खाणं तुमच्याकडे. तुमच्या हातची मटकीची उसळ त्याला आवडते, बिस्किटांपेक्षा ती द्याल का?’ असं सांगून पाहा. डॉक्टरांकडे जाताना शक्य असेल तर आजीलाही न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, यात फरक पडतो.

खेळाचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 17 वयासाठी दिवसाला साठ मिनिटं सांगितलं आहे, दम लागेल असं. ती सलग नसली तरी चालतात. पण वजनदार मुलाला ‘जा, खेळ’ म्हणून खाली पाठवणं पुरत नाही. खो-खोत तो पहिल्या मिनिटात बाद होतो, संघ निवडताना शेवटी उरतो, आणि चौथ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी बसतो. एक अडचण तर तो लाजेने बोलतही नाही: पळताना मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात. आत मांडीपर्यंतची घट्ट चड्डी दिली की निम्मा नकार संपतो. त्याची ताकद जिथे उपयोगी पडेल असे खेळ निवडा. पोहणं, सायकल, कबड्डी, दंड-बैठका. अशी मुलं अंगाने जोरकस असतात, आणि कबड्डीत एकदा दोघांना ओढून मध्यरेषेला हात लावून आला की त्याला पुन्हा बोलवायला मित्र दारात येतात. क्लासच्या वेळा इतक्या गच्च असतील की खेळाला जागाच नाही, तर एक क्लास कमी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

झोपेकडे कोणी पाहत नाही. 6 ते 12 वयाला 9 ते 12 तास, त्यापुढे अठराव्या वर्षापर्यंत 8 ते 10 तास झोप लागते. ती कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन कमी होतं. सकाळची शाळा असेल तर साडेपाचला उठणाऱ्या मुलाने साडेआठला अंथरुणावर असायला हवं, आणि आपलं जेवण नऊला असतं. त्यामुळे मुलाचं जेवण साडेसातला करणं हा आहाराइतकाच झोपेचाही उपाय आहे. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायचे. सगळ्यांचे.

राहिली आपली जीभ. ‘जाड्या’, ‘हत्ती’, ‘गोदाम’ अशी लाडाची नावं आजपासून बंद. पाहुण्यांसमोर वजनाचा विषय नाही, भावंडाशी तुलना नाही. वजनावरून चिडवलेली मुलं पुढे बारीक होत नाहीत, लपून खायला शिकतात आणि त्यांचं वजन आणखी वाढतं. दप्तरात चॉकलेटचे कागद सापडले तर ते दाखवून जाब विचारू नका. तो शाळेत कोणाबरोबर बसतो, कोण काय म्हणतं, यावर दोन दिवसांनी बोला. वजन हा शब्द न वापरताही सगळं करता येतं, कारण बदल घरातल्या सगळ्यांसाठीच आहे. बारीक भावाला वेगळं वेफर्सचं पाकीट मिळत असेल तर मात्र हे साधणार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा भिंत, पुस्तक, पेन्सिल. वजन तेवढंच आणि उंची दीड सेंटिमीटर वाढलेली असेल, तर काम छान चाललं आहे. दिवाळी आणि मे महिन्यात गाडी घसरतेच, मामाच्या गावाहून मूल दोन किलो जास्त घेऊन येतं. त्याबद्दल कोणालाही बोल लावू नका, फ्रिजवरचा कागद पुन्हा लावा. सहा महिन्यांत रेषा वरच जात राहिली, तर बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या संप्रेरकतज्ज्ञांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जावं. ‘वजन कमी करा’ असं एका भेटीत सांगून कोणाचंच होत नाही, वर्षभर अनेकदा भेटावं लागतं, हे आधीच समजून घ्या. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली पालक विचारतात. अमेरिकेत सेमाग्लुटाइड 12 वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी 2022 मध्ये मंजूर झालं, पण तेही आहार आणि हालचालीच्या जोडीला, आणि निर्णय तज्ज्ञांचा. ओळखीच्या मेडिकल दुकानातून आणायची ही गोष्ट नाही.

आणि उलटी खूणही पाहत राहा. एरवी आवडीने खाणारी मुलगी अचानक जेवण टाळू लागली, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसू लागली, आरशासमोर पोट चिमटीत धरू लागली, तर काट्यावर उतरलेल्या किलोंचा आनंद मानू नका. वजनाचे सगळे प्रयत्न तिथेच थांबवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.